बुरशी नव्हे, ओल हटवा

पावसाळ्यात भिंतीवर काळे ठिपके उमटले की पहिली शंका येते ती ही काळी बुरशी विषारी तर नसेल ना, अशी. या शंकेने एकदा शास्त्रज्ञांनाही चकवले आहे. 1993-94 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात 10 तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला. त्यांच्या घरांत पाणी मुरलेले होते आणि ओल्या कागद-लाकडावर वाढणारी ‘स्टॅकिबॉट्रिस’ ही काळी बुरशी सापडली. तिच्यावर ठपका आला, ‘विषारी काळी बुरशी’ जगभर गाजली. पुढे अमेरिकेच्याच रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, आपल्या अभ्यासाची फेरतपासणी केली. पद्धतीत उणिवा आढळल्या आणि 2000 साली केंद्राने जाहीर केले की हा संबंध सिद्ध होत नाही. त्या बुरशीची भीती मात्र अजून गेलेली नाही.

म्हणजे बुरशी निरुपद्रवी ठरली का? तसे नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2004 मध्ये उपलब्ध संशोधन चाळले, तेव्हा ओलसर, बुरशी धरलेल्या घरांचा खोकला, छातीतली घरघर आणि दम्याचा त्रास यांच्याशी संबंध पुरेशा पुराव्यानिशी दिसला. स्मरणशक्ती जाणे वगैरे दाव्यांना तसा आधार मिळाला नाही. 2006 मध्ये त्याच क्लीव्हलँडमधून अधिक भक्कम पुरावा आला. दमा असलेल्या 62 मुलांपैकी काहींच्या घरांतली गळती थांबवून ओला भाग काढून टाकला, बाकीच्या घरांत ही दुरुस्ती केली नाही. काम पुरे झाल्यावर दुरुस्त घरांतल्या 29 पैकी एकाच मुलाचा दमा बळावला, दुसऱ्या गटात 33 पैकी 11 मुलांचा. या दुरुस्तीचा सारा रोख पाण्यावर होता. बुरशीच्या जातीला त्यात महत्त्व नव्हते.

याचे कारण बुरशीच्या स्वभावात आहे. तिचे बीजाणू काही मायक्रॉनचे असतात आणि घराबाहेर, घरात, सगळीकडे तरंगत असतात. त्यांना हवेतून संपवणे अशक्य आहे. डिस्टेंपर, प्लायवूड, पुस्तके, चामड्याच्या चपला हे त्यांचे अन्न घरोघरी असतेच. कमी पडते ते फक्त पाणी. म्हणून पोपडे खरवडून वर नवा रंग दिला की पुढच्या पावसात डाग परत येतो. ब्लीच मारले तरी मेलेल्या बुरशीचे कण ॲलर्जी उठवू शकतात. धुळीतल्या माइट या सूक्ष्म जीवांनाही दमटपणाच मानवतो. किती बुरशी चालेल याचा आकडा ठरवता येत नाही, म्हणून ओलच रोखा, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2009 मध्ये सांगितले.

यावर कोणी म्हणेल, मुंबई-कोकणात पिढ्यान् पिढ्या ओलीतच राहिल्या, त्यांना काय झाले? बहुतेकांना खरेच फार त्रास होत नाही. पण दमा, ॲलर्जी किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्यांना होतो, आणि पावसाळ्यात दमा बळावला की आपण हवेला दोष देऊन मोकळे होतो, भिंत सुटते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खिडक्या उघडाव्यात, तर जुलैत बाहेरची हवाच दमट. तो बरोबर आहे, आणि म्हणूनच पावसाळ्यात वायुवीजनावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ एक्झॉस्ट पंख्याने बाहेर काढावी, ओले कपडे बंद खोलीत वाळत घालू नयेत, कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढावे आणि भिजलेली गादी किंवा गालिचा 24 ते 48 तासांत वाळवावा.

पण गच्चीचे वॉटरप्रूफिंग फाटले असेल किंवा भिंतीतला पाइप झिरपत असेल, तर घरातल्या या उपायांनी भागणार नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत गळतीचा विषय सौंदर्याचा म्हणून पुढे ढकलला जातो. तो आरोग्याचा आहे. बुरशीची जात तपासण्यावर पैसे घालवण्याऐवजी ते गळती शोधण्यावर खर्च करा, आणि दुरुस्ती पावसाळ्याआधी उरका.