परदेशातलं घड्याळ तासभर का सरकतं?

गोष्ट २०२४च्या भाऊबीजेची. ३ नोव्हेंबर, रविवार. न्यू जर्सीतला आमचा भाऊ दर रविवारी त्याच्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल करतो. ताईनं ओवाळणीचं ताट केलं, निरांजन लावलं, मोबाइल तांब्याला टेकवून पाटावर ठेवला. साडेसहा झाले, सात झाले, फोन नाही. आम्ही लावला तर उचलला नाही. आईला बीपी आहे. अर्ध्या तासात तिच्या मनात अपघातापर्यंत सगळं होऊन गेलं. बरोबर साडेसातला फोन आला. तो म्हणतो, "मी तर नऊलाच लावलाय!"

आणि ते खरंच होतं. त्याच पहाटे दोन वाजता तिकडची घड्याळं एक तास मागे गेली होती. मोबाइलनं वेळ आपोआप बदलली, हा झोपेतच.

हिशेब तसा साधा आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटा तासभर पुढे जातो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत येतो. म्हणून न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. लंडन साडेचार आणि साडेपाच. पण युरोप काटा हलवतो मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. एक मूल लंडनला, दुसरं न्यू जर्सीला असेल, तर मधले दोन-तीन आठवडे घरात गोंधळ ठरलेला! आणि ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी काटा हलतच नाही.

हे कशासाठी? लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा, डिसेंबरात आठ तासांचाही नाही. उन्हाळ्यात लोक झोपेत असताना जो उजेड वाया जातो, तो संध्याकाळकडे सरकवायचा. आता आपलं बघा. इथं विष्णुपुरीत सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, लहान अकराच्या. सरकवायला उजेडच किती? तरी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, भारतातही घड्याळ तासभर पुढे होतं. तसं आपलं घड्याळही सूर्याचं नाहीच. ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे, त्यामुळे विष्णुपुरीत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा वाजून वीस मिनिटांनी.

घरात काय करायचं? वेळ ठरवताना कोणाची वेळ ते बोलून घ्या. आम्ही आता "भारताचे साडेसात" असंच म्हणतो, म्हणजे हिशेब त्यानं करायचा. मोबाइलमध्ये त्यांचं शहर लावलं की बदल आपोआप दिसतो; भिंतीवर दुसरं घड्याळ असेल तर काटा हातानं फिरवावा लागतो. तिकडे लहान लेकरं असतील तर आठवडाभर आधीपासून झोपेची वेळ दहा-पंधरा मिनिटांनी सरकवतात.

आईनं मात्र कालनिर्णयवर मार्चच्या आणि नोव्हेंबरच्या त्या रविवारांना लाल पेनानं गोल केलाय. खाली लिहिलंय, "फोन उशिरा आला तर घाबरू नये."