लॅपटॉपला ताप आला!

बालमित्रांनो, १८ डिसेंबर २०२२ची रात्र. विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना! टीव्हीवर आईची मालिका चालू (त्या रडारडीत एवढं काय असतं, देव जाणे!), म्हणून आम्ही लॅपटॉप गादीवर ठेवून बसलो. अर्जेंटिना २-० अशी पुढे. एवढ्यात पडदा काळा! पुन्हा सुरू करतो तर २-२. एम्बापेने ९७ सेकंदांत दोन गोल केले होते आणि आम्ही ते हुकवले!

पुढे तो रोजच बंद पडू लागला. आत माझ्या वर्गाचे पहिल्या सत्राचे निकाल! एक दुकानदार म्हणाला, "नवाच घ्या." दुसऱ्याने मात्र स्क्रू काढून दाखवलं. पंख्यापाशी धुळीचा चक्क थर!

प्रोसेसर तापतो. तांब्याची नळी ती उष्णता पंख्यापाशी नेते, पंखा ती बाहेर फेकतो. धुळीने किंवा गादीने वाट अडली, की जळू नये म्हणून यंत्र आपणहून बंद होतं. धूळ झाडली, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावली. ताप उतरला, निकालही वाचले!

तेव्हा मुलांनो, लॅपटॉप टेबलावरच ठेवा. स्वतः उघडू नका, आत बॅटरी असते. पण टाकून देण्याआधी जाणत्याला जरूर दाखवा!