ई-पारपत्रातील चिप आणि यंत्राची गुप्त बोलणी

भिलाईच्या रहिवाशांना पारपत्र रायपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाकडून मिळते. नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तळाशी एक छोटे सोनेरी चिन्ह असते. आत चिप व अँटेना बसविल्याची ती खूण होय. देशात या ई-पारपत्रांचा प्रायोगिक उपक्रम १ एप्रिल २०२४ रोजी सुरू झाला. नागपूर व रायपूर ही कार्यालये आरंभीच्या टप्प्यांतच त्यात आली.

चिप तपासणी यंत्राशी बिनतारी लहरींनी बोलते. साहजिकच हे बोलणे तिसऱ्यालाही ऐकता येते. म्हणून माहिती देण्यापूर्वी चिप आणि यंत्र यांना एका गुप्त कुंजीवर एकमत करावे लागते, आणि तेही उघड्या लहरींवरूनच.

असे एकमत शक्य आहे, हे व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये दाखविले. दोघे परस्परांना काही संख्या उघडपणे पाठवितात, तरी दोघांकडे तयार होणारी कुंजी ऐकणाऱ्यास काढता येत नाही. मात्र समोर नेमके कोण आहे, हे या पद्धतीत कळत नाही. मध्ये शिरलेला भामटा दोन्ही बाजूंशी वेगवेगळी कुंजी ठरवून सर्व संभाषण वाचू शकतो. कुंजी ठरविताना ओळखही पटविणे हाच खरा प्रश्न आहे.

पारपत्रांसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रथम जी पद्धत स्वीकारली, तीत कुंजी पारपत्रावर छापलेल्या तीन गोष्टींपासून बनते: क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख. पुस्तिका उघडून दाखविली, म्हणजे धारकाची संमती आहे, असा त्यामागील तर्क. तो वाजवी होता, पण गणित कच्चे होते. माणसाचे वय साधारण ओळखता येते आणि क्रमांक बहुधा क्रमाने दिले जातात. संभाषण एकदा ध्वनिमुद्रणासारखे टिपून ठेवले की घरी बसून संगणकावर एकेक शक्यता तपासता येते. नेदरलँड्सच्या पारपत्रांबाबत संशोधकांनी २००० च्या दशकाच्या मध्यास हा धोका दाखवून दिला. शिवाय पुढे कधीही ते तीन तपशील हाती लागले, तर जुने टिपलेले संभाषणही उलगडते.

जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने विकसित केलेली 'पेस' ही पद्धत या दोन्ही त्रुटी दूर करते. तीत छापील तपशील थेट कुंजी बनत नाहीत. डिफी-हेलमन देवाणघेवाणीचा आरंभबिंदू ठरविण्यापुरते ते वापरले जातात. दर वेळी नव्या यादृच्छिक संख्या घेतल्या जातात व नंतर टाकून दिल्या जातात. त्यामुळे टिपलेल्या संभाषणावर अंदाज तपासता येत नाहीत. प्रत्येक अंदाजासाठी प्रत्यक्ष चिपसमोर जावे लागते. या पद्धतीच्या सुरक्षेचे गणिती विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

असा पुरावा मागण्यास कारण आहे. नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेला ओळख पटविण्याचा एक शिष्टाचार जाणकारांच्या नजरेखालून वर्षानुवर्षे गेला. त्यातील दोष गॅव्हिन लोव यांना सापडला तो १९९५ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी! दुरुस्ती अगदी किरकोळ होती: एका संदेशात पाठविणाऱ्याचे नाव घालणे.

भारतात पहिले ई-पारपत्र जून २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांना देण्यात आले. ते राजनैतिक वर्गातील होते व त्याच्या प्रणालीवर आयआयटी कानपूरने काम केले होते. तेथे स्मार्ट कार्डांची मानके घडविणारे प्रा. रजत मूना पुढे पुण्याच्या सी-डॅकचे महासंचालक आणि २०१७ ते २०२२ या काळात आयआयटी भिलाईचे पहिले संचालक झाले.

पुढचे आव्हान क्वांटम संगणकाचे आहे. पुरेसा मोठा असा संगणक बनला, तर डिफी-हेलमनचे गणितच सुटेल, हे १९९४ पासून ठाऊक आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये कुंजी ठरविण्याची नवी पद्धत प्रमाणित केली. पण 'पेस'सारख्या, दुबळ्या गुपितावर आधारलेल्या देवाणघेवाणीत ती जशीच्या तशी बसत नाही, आणि प्रौढांचे पारपत्र तर दहा वर्षे चालते.