मनाचा आजार आणि कामगाराचा हक्क



पेठ तालुक्यातला एक तरुण नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू असल्या की तो एकही पाळी चुकवत नाही. मध्यंतरी गोळ्या विकत घ्यायला पैसे उरले नाहीत आणि त्या बंद झाल्या. कानात आवाज येऊ लागले, काम सुटले. घरच्यांनी आधी भगत गाठला. आम्ही भेटलो तेव्हा त्याची जुनी पगारपावती पाहिली, तर तिच्यावर ईएसआयची कपात! औषधे त्याच्या हक्काचीच होती, पण कुणी सांगितलेच नव्हते.

ईएसआय म्हणजे राज्य कामगार विमा. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के त्यात जातात. ठेक्यावरचे कामगारही यात येतात. सातपूरला या योजनेचे रुग्णालय आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळते. स्किझोफ्रेनियासारखे आजार दीर्घ आजारांच्या यादीत आहेत. त्यांच्यासाठी, नोकरीला सलग दोन वर्षे झाली असतील आणि वर्गणी पुरेशी भरली असेल, तर ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. म्हणून ईएसआयचा क्रमांक मागून घ्या, पगारपावती फेकू नका.

पण आपले बहुतेक लोक दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरी करतात. त्यांच्या मजुरीतून अशी कपात होत नाही आणि हे कवचही मिळत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, मात्र ती दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. या आजारात तर माणूस दरमहाच्या गोळ्यांवर उभा असतो. गोळ्या सुटल्या की मगच दाखल व्हायची वेळ येते, हे मला उफराटे वाटते.

त्यांच्यासाठी वाट सरकारी दवाखान्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी मानसिक उपचार हा हक्क ठरवला आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. सुरगाण्याहून यायचे तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते. तेव्हा निदान महिन्याभराच्या गोळ्या एकदम मागा, आणि आपल्या तालुक्यात मानसोपचाराचे पथक कोणत्या दिवशी येते तेही विचारून घ्या. रात्री-अपरात्री त्रास वाढला तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते.

तो तरुण पुन्हा कामावर जातो आहे. पगारपावत्या आता त्याची आई जपून ठेवते, तांदळाच्या डब्यात.