हरवलेली नगरे आणि मेटकरी

पेरू देशातल्या माचू पिचूचे नाव आज शाळकरी पोरालाही ठाऊक असते. इंका राजांचे हे डोंगरावरचे नगर हायरम बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकाने २४ जुलै १९११ रोजी ‘शोधून काढले’, असे आपण वाचतो. ते कसे शोधले, हे मात्र ऐकण्याजोगे आहे. उरुबांबा नदीकाठच्या मेल्चोर आर्तेआगा नावाच्या शेतकऱ्याने एक सोल मजुरी घेऊन वाट दाखवली. वर पोचून पाहावे तो काय, इंकांच्याच पायरीशेतांत शेतकरी कुटुंबे मका पिकवीत सुखाने नांदत होती! त्यांच्यातल्या एका पोराने प्राध्यापकमहाशयांना नगर फिरवून दाखवले. एका भिंतीवर तर आगुस्तीन लिझार्रागा या तिथल्याच माणसाने १९०२ सालीच कोळशाने आपले नाव लिहून ठेवले होते. आणखी गंमत पाहा. बिंगहॅम ज्या विल्काबांबाच्या शोधात होता, ती इंकांची अखेरची राजधानी एस्पिरितू पांपा येथे होती, असे पुढे ठरले. १९११ सालीच तो तिथे जाऊन आला होता. पण रानाने झाकलेले ते अवशेष त्याच्या मनात भरले नाहीत.

मग नगर हरवले होते ते कुणाच्या लेखी?

हाच प्रश्न घेऊन साताऱ्याच्या पश्चिमेस, कोयनेच्या खोऱ्यात उतरावे. तिथे वासोटा आहे, शिवकाळातला व्याघ्रगड. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ताई तेलिणीने बापू गोखल्यांच्या फौजेविरुद्ध हा गड महिनोन्महिने लढवला. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या, तेव्हा तो पडला. आज माथ्यावर बिनछपराचा मारुती, महादेवाचे देऊळ, पाण्याचे टाके आणि चुन्याचा घाणा उरला आहे.

पायथ्याच्या गावाचे नाव मेट इंदवली. मराठीच्या मास्तराला इथे थांबणे भागच आहे. मेट म्हणजे गडाच्या घेऱ्यातली, चढणीच्या वाटेवरची चौकी; तिथला राखणदार तो मेटकरी. किल्लेदारांची नावे कागदोपत्री सापडतात, मेटकऱ्याचे क्वचितच. पण कुठली नाळ कोकणात उतरते, वैशाखात कुठला झरा टिकतो, हे ठाऊक त्यालाच.

१९६० नंतर कोयना धरणाचे पाणी चढले आणि खोऱ्यातली गावे उठली. कुणी सोलापूरकडे गेले, कुणी सांगलीच्या सपाटीवर, कुणी ठाणे-कुलाब्याला. १९८५ मध्ये कोयनेचे अभयारण्य झाले. सांगलीकडच्या वारणेच्या खोऱ्यातही धरण झाले, चांदोलीचे रान राखीव झाले आणि तिथलीही गावे हलली. २०१० मध्ये दोन्ही रानांचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाला रान हवेच. त्याबद्दल तक्रार नाही. पण आज बामणोलीहून बोटीने मेट इंदवलीला उतरणाऱ्या तरुणाला वनखात्याची परवानगी आणि एक मळलेली वाट मिळते, मेटकरी मिळत नाही. इंग्रजांनी गड घेतला तरी मेट उठले नव्हते, ते आता उठले.

पाणी चढले तेव्हा जी पोरे गुरे वळत होती, ती आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांतली काही सांगली-सोलापूरच्या वसाहतींतून, जिथे नजर पोचेल तिथवर डोंगर नाही अशा ठिकाणी, अजून आहेत. गडभ्रमणाला निघणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी बोट धरण्याआधी एक दिवस वही घेऊन त्यांच्या ओट्यावर बसावे आणि वासोट्याच्या बाकीच्या वाटांची नावे विचारावीत.