वहीतली गोधडी

गोधडी शिवणाऱ्या बाईला आधी कागदावर नक्षी काढताना आपण कधी पाहिले आहे काय? बहुधा नाही. जुनी लुगडी आणि धोतरे जमिनीवर अंथरायची, त्यांवर खणाचे, इरकलीचे, छिटाचे तुकडे मांडून पाहायचे, दोन पावले मागे सरून डोळे बारीक करायचे, एखादा तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायचा आणि मन भरले की सुईत दोरा ओवायचा, अशी आपल्याकडची रीत. नक्षीची कच्ची वही तेव्हाही होती. घरातली सारवलेली जमीन हीच ती वही होती.

साठी-सत्तरीनंतर ही वही अनेकांच्या हातून सुटते. गुडघे वाकत नाहीत, जमिनीवर बसले तर उठवत नाही, ओणवे झाले की चक्कर येते. अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताची कळ येते आणि जाड थरांतून सुई निघत नाही. मग गोधडी बंद पडते. घरची माणसेही मायेपोटी म्हणतात, "आता पुरे झाले, आराम करा." वैद्यकीय व्यवसायात मी हे वाक्य फार वेळा ऐकले आहे आणि त्याचा परिणामही पाहिला आहे.

वाचकहो, गोधडी शिवणे हे एक काम नसून दोन कामे आहेत. एक टाके घालण्याचे आणि दुसरे ठरवण्याचे: कोणता रंग कोणाशेजारी, काठ कुठे, मधे काय. पहिले काम बोटांचे, दुसरे नजरेचे आणि बुद्धीचे. बोटे थकली म्हणून दुसरे कामही काढून घेतले जाते, हे दुखणे मात्र आपले आपणच ओढवून घेतलेले असते. संधिवाताने विकृत झालेल्या हातांच्या एका आजींनी मला एकदा सांगितले होते, "टाका घालता येत नाही डॉक्टर, पण कुठला तुकडा कुठे शोभेल ते अजून कळते. विचारते कोण?" त्यांच्या दुखण्यावर माझ्याकडे गोळी होती, त्यांच्या प्रश्नावर नव्हती. त्या प्रश्नावरचा उपाय सुचवण्यासाठीच हा लेख. जमिनीवरची मांडणी उचलून टेबलावर आणावी आणि त्यासाठी एक वही करावी.

वही आपल्याला परकी नाही

चित्रवही म्हटले की "मला कुठे चित्र काढता येते?" हा प्रश्न येतोच. पण आपल्या कितीतरी घरांत ठिपक्यांच्या रांगोळीची वही असे. पंधरा ठिपके, आठपर्यंत, मधले सोडून, अशा खुणा करून मैत्रिणींकडून उतरवून घेतलेल्या नक्ष्या त्यांत असत. भरतकामाचे नमुने आणि विणकामाचे टाके टिपलेल्या वह्याही असत. ज्या हाताने चौकोनात कमळ बसवले, त्याला गोधडीची नक्षी अवघड नाही.

हात अडला की कला वाट बदलते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी स्त्री अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस लोकरीच्या धाग्यांनी चित्रे भरत असत. संधिवातामुळे सुई धरणे कठीण झाले, तेव्हा वयाच्या सत्तरीच्या उत्तरार्धात त्यांनी कुंचला हाती घेतला. 'ग्रँडमा मोझेस' या नावाने त्या जगभर ओळखल्या गेल्या आणि १९६१ साली १०१व्या वर्षी निवर्तल्या. त्याआधी अठराव्या शतकात इंग्लंडमधील मेरी डिलेनी यांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागद कातरून फुलांची चित्रे चिकटवायला सुरुवात केली. नजर अधू होईपर्यंतच्या दहा वर्षांत त्यांनी जवळजवळ हजार चित्रे केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

मेंदूला यातून काय मिळते?

येथे तोलून बोलणे आवश्यक आहे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांनी ६० ते ९० वर्षे वयाच्या २२१ व्यक्तींचा अभ्यास केला; तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना गोधडीकाम, काहींना छायाचित्रण आणि काहींना दोन्ही नव्याने शिकवले. तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास. केवळ गप्पागोष्टी वा हलकीफुलकी कामे करणाऱ्यांच्या तुलनेत, नवी आणि कस लावणारी कला शिकणाऱ्यांची घटना लक्षात ठेवण्याची स्मृती सुधारली. हा लाभ छायाचित्रण शिकणाऱ्यांत अधिक ठळक होता, हेही सांगितले पाहिजे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या प्रयोगांत, शब्द नुसता लिहिण्यापेक्षा त्याचे चित्र काढले तर तो अधिक चांगला आठवतो, असे तरुणांप्रमाणेच वृद्धांतही दिसले. चित्र सुबक असण्याची गरज नव्हती.

यावरून चित्रवहीने स्मृतिभ्रंश टळतो, असा निष्कर्ष मी काढणार नाही आणि आपणही काढू नये. रक्तदाब, मधुमेह, ऐकू येणे, झोप आणि चालणे यांची जागा वही घेऊ शकत नाही. पण दुपारचे जे तीन-चार तास अंगावर येतात, त्यांना वही आकार देते. आज अर्धवट राहिलेले पान उद्या उठण्याचे कारण होते. निवृत्त आणि एकाकी माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

आरंभ कसा करावा?

शाळेत गणिताला वापरतात ती चौकटीची वही आणि एक कोरी चित्रकलेची वही, एवढे पुरे. पेन्सिल मऊ घ्यावी, ४बी किंवा ६बी. तिला जोर लागत नाही. पेन्सिलीभोवती सुती चिंधी गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड करावी. पकड सैल राहते आणि सांधे दुखत नाहीत.

पहिला आठवडा फक्त पाहण्याचा. खिडकीची जाळी, फरशीची नक्षी, टोपलीची वीण, पैठणीच्या काठावरचा मोर, कापलेल्या कांद्याची वलये यांपैकी रोज एकच गोष्ट पानावर उतरवावी. रेघ वाकडी झाली तर खोडू नये. गोधडीत सरळ रेघ कोण शोधते?

दुसऱ्या आठवड्यात त्यातला एक आकार निवडून तो चौकटीत बसवावा. जाळीतला एक चौकोन, त्याला कर्ण दिला की दोन त्रिकोण. एक रंगवावा, एक कोरा ठेवावा. हीच चौकट चार वेळा फिरवून शेजारी शेजारी काढली की कधी भिंगरी दिसते, कधी चौफुला. ही गंमत अनुभवण्यासारखी आहे.

तिसऱ्या आठवड्यात कापड आणावे. जुन्या साड्या, सदरे, परकर यांचे नखाएवढे तुकडे कातरून पानावर चिकटवावेत आणि प्रत्येकाशेजारी तो कशातला आहे ते लिहावे: "धाकट्याच्या बारशाची साडी", "यांचा निळा सदरा". कातरकाम थोडे, पण आठवणींचे काम मोठे होते. स्मृती क्षीण होऊ लागलेल्यांसाठी ही पाने बोलण्याचे निमित्त ठरतात.

मग मापाचा हिशेब. पहिली गोधडी अंथरुणाएवढी करू नये. मांडीवर घ्यायची ३६ इंच लांब आणि ३६ इंच रुंद पुरे. वहीतला एक चौकोन म्हणजे कापडाचा ६ इंचांचा तुकडा धरला, तर सहा आडवे आणि सहा उभे, असे ३६ तुकडे लागतात. शिवणीसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच सोडावा, म्हणजे तुकडा ७ इंचांचा कापायचा. जुने कापड सुटते, म्हणून एवढी सोय ठेवावी. वहीतल्या चौकोनांना आणि तुकड्यांना सारखे क्रमांक द्यावेत. कालचे आज आठवले नाही तरी वहीला आठवते.

डोळ्यांविषयी थोडे

वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा रंग मंद दिसू लागतो. गडद निळा आणि काळा, किंवा जांभळा आणि तपकिरी यांत गल्लत होते. म्हणून रंगांची निवड दिवसाच्या उजेडात करावी आणि तुकड्याशेजारी रंगाचे नाव कोणाकडून तरी लिहून घ्यावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर निळा एकदम उजळ दिसतो. जुनी पाने पुन्हा चाळली तर आपलेच रंग वेगळे भासतील. घाबरू नये. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी प्रकाश डावीकडून घ्यावा.

चौकटीच्या कागदाचा आणखी एक उपयोग आहे. चष्मा लावून एक डोळा झाकावा आणि पानाच्या मध्यावर नजर ठेवावी. मग दुसऱ्या डोळ्याने तसेच पाहावे. सरळ रेघा वाकड्या किंवा तुटक दिसल्या, मधे डाग दिसला, तर तो दृष्टिपटलाच्या विकाराचा इशारा असू शकतो. नेत्रतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जावे. पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.

हातांसाठी नियम साधा: वीस मिनिटे काम, पाच मिनिटे विसावा. वही उतरत्या फळीवर ठेवावी म्हणजे मान वाकत नाही. आपोआप उघडणारी, स्प्रिंगची कात्री सोपी पडते. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल तर सुई टोचलेली कळत नाही. अंगुस्तान वापरावे आणि काम संपल्यावर बोटे न्याहाळावीत.

सांभाळणाऱ्यांसाठी

आपल्या घरात आई, सासूबाई किंवा आजोबा असतील (होय, ही वही आजोबांचीही असू शकते), तर आपले काम तीन गोष्टींचे.

पहिली, वस्तू हाताशी ठेवणे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीजवळ सुया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात. कात्री बोथट टोकाची असावी. मधल्या अवस्थेत सुई-कात्री पूर्ण टाळून तुकडे लावणे आणि चिकटवणे एवढेच ठेवले तरी आनंद कमी होत नाही.

दुसरी, वहीची परीक्षा न करणे. पानावर तारीख मात्र घालावी. काही महिन्यांत अक्षर आणि आकार बारीक होत गेले, रेघ थरथरू लागली किंवा पानाची एकच बाजू भरली जाऊ लागली, तर ती पाने घेऊन डॉक्टरांना भेटावे. आम्हाला त्यांतून पुष्कळ कळते. हात अचानक लुळा पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे हे मात्र पक्षाघाताचे लक्षण. तेथे वही, घरगुती उपाय काहीच नको, ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट, दुरुस्त न करणे. लाल तुकड्याशेजारी त्यांनी केशरी लावला आणि आपल्याला खटकला, तरी तो तसाच शिवावा. यंत्रावर आपण शिवावे, शेजारच्या बाईंकडून शिवून घ्यावे किंवा नातवाने धावदोरा घालावा. नक्षी मात्र ज्यांची त्यांचीच राहू द्यावी. उत्तर कन्नडातील सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची 'फुला' लावल्याशिवाय ती पूर्ण मानीत नाहीत. आपणही शेवटी एका कोपऱ्यात, ज्यांनी नक्षी रेखाटली त्यांचे नाव आणि साल धाग्याने घालावे.

या पंधरवड्यात एवढेच करून पाहावे. कपाटातील दोन जुन्या साड्या काढाव्यात, त्यांचे चार तुकडे कापावेत, ते घरातील ज्येष्ठ व्यक्तीसमोर टेबलावर ठेवावेत आणि विचारावे, "हा कुठे लावू?" उत्तर यायला वेळ लागेल. तो वेळ त्यांना द्यावा.