शिडांच्या शर्यतीचा शिरस्ता

जालन्यासारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यातून मुंबईस गेलेल्या वाचकाने, १८४६ साली स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबासमोरील खाडीत शिडाच्या नौका एका अदृश्य रेषेमागे घिरट्या घालताना पाहिल्या, तर तो गोंधळ नसून आरंभाची काटेकोर तयारी आहे, असे समजावे. पाच मिनिटे आधी इशाऱ्याचे निशाण चढते, चार मिनिटे उरता तयारीचे, आणि हे दुसरे एक मिनिट उरता उतरते. वेळ मोजावयाची ती निशाणावरून, भोंग्यावरून नव्हे, कारण ध्वनी दूरच्या नौकेस उशिरा पोहोचतो. रेषा आधीच ओलांडणाऱ्यास मागे फिरून पुन्हा निघावे लागते.

उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या नौकेचा हक्क अव्वल. दोघींचा वारा एकाच अंगाचा असून त्या लगत आल्या, तर वाऱ्याकडील नौकेने दुसरीस वाट द्यावी. बोयास स्पर्श झाल्यास एक पूर्ण गिरकी, दुसरीचा हक्क मोडल्यास दोन. आणि मैत्रीच्या शर्यतीत पाण्यावर पंच बहुधा नसल्याने हा दंड खलाशाने स्वतःहून भरावा, ही तरतूद मला साऱ्या नियमावलीत उदात्त वाटते. अंतिम रेषा मात्र नौकेच्या सांगाड्यानेच ओलांडावी लागते. २०२१ पूर्वी जागच्या जागी असलेले शीडही त्यास पुरे होई.